वर्गात गुरुजी असू द्या

जिल्हा परिषदेची शाळा काय करू शकते, हे पाहायला निमोणे गावच्या लोकांना फार लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या त्यांच्याच शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडी आहे. तिथल्या वस्तीवरच्या छोट्या शाळेत पुढे प्रवेशासाठी रांगा लागल्या. शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या शाळेला 2025 मध्ये ‘टी4 एज्युकेशन’च्या जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी दत्तात्रय वारे गुरुजी होते आणि त्यांच्यामागे उभा राहिलेला गाव होता. या यशाची चर्चा करताना सौरऊर्जा आणि काचेच्या खोल्यांचे फोटो सगळे पाहतात. मुलांसोबत दिवसभर बसलेला शिक्षक मात्र फोटोत येत नाही.

आज निमोण्यासारख्या गावातील प्राथमिक शाळेत उपक्रमांची वाण नाही. वाचन आणि संख्याज्ञानासाठी ‘निपुण भारत’ आहे, दुपारचा पोषण आहार आहे, शिष्यवृत्तीचे जादा तास आहेत, नवोदयची तयारी आहे. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातच असल्यामुळे इथल्या पालकांना त्या परीक्षेचे अप्रूप जास्त. पुणे जिल्हा परिषदेने तर ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन 25 विद्यार्थ्यांची ‘नासा’ भेटीसाठी आणि 50 जणांची ‘इस्रो’साठी निवड केली. शेतकऱ्याच्या, मजुराच्या लेकराला विमानात बसवणाऱ्या या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण या 75 मुलांच्या मागे राहिलेल्या वर्गाचे काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकाच खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी. गुरुजी पहिलीला मुळाक्षरे गिरवायला देतात, तिसरीला हातच्याची वजाबाकी घालतात आणि दुसरीच्या मुलीपाशी येऊन बसतात. ती ‘पाऊस’ सरळ वाचते, ‘विद्यार्थी’पाशी अडते. तिच्या बोटाखालचा तो शब्द फोडून दाखवायला दोन मिनिटे पुरतात. तेवढ्यात फोन वाजतो : अमुक लिंक आजच भरा, फोटो टाका, तांदळाचा शिल्लक साठा कळवा. दुसरे गुरुजी मतदारयाद्यांच्या कामावर. मुलगी ‘विद्या’वरच थांबते.

कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे सांगता येतील, असे बजावले आहे. या तीन कामांच्या आडून आणि त्यांच्याबाहेरही जे लादले जाते, त्याचा हिशेब जिल्हा परिषदेने एकदा जाहीर करावा. प्रत्येक नवा उपक्रम मुलांच्या भल्यासाठीच निघतो, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण तो शाळेत पोहोचतो तेव्हा त्याच दोन माणसांच्या डोक्यावर बसतो. ‘निपुण’चे उद्दिष्ट 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे आहे. ते माहिती भरून गाठता येणार नाही.

महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणावर भर होता. शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पगार बरा हवा, ते शेतकऱ्यांच्या पोरांत मिसळणारे हवेत आणि अभ्यासात शेतीचे प्राथमिक ज्ञान हवे, अशी त्यांची मागणी होती. 140 वर्षांनंतरही निमोण्याच्या शाळेसाठी यापेक्षा नेमकी यादी आम्हाला करता येत नाही.

आणखी एक वर्ग इथल्या हजेरीपटाबाहेर राहतो. घोड नदीच्या पट्ट्यात उसाचे फड आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि आठ-नऊ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळत कोपीपाशी बसते. तिच्या मूळ गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते, वर्गात मात्र ती नसते. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की जवळच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. पण कार्ड घेऊन शाळेपर्यंत यायला त्या मुलीला कोणाचे तरी बोट धरावे लागते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतीय कामगारांची मुलेही या भागात येतात. त्यांना आधी मराठी बोलायला शिकवायचे, मग पुस्तक उघडायचे. हे काम कोणत्याही पोर्टलच्या रकान्यात बसत नाही, पण शाळेचे मोठे काम तेच आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जिल्हा परिषदेने यंदा एकही नवा उपक्रम जाहीर करू नये. रिक्त जागा आधी भराव्यात. माहिती भरण्यासाठी केंद्रपातळीवर एक माणूस द्यावा आणि शाळेच्या वेळेत गुरुजींना फोन करू नये. निमोण्याच्या ग्रामपंचायतीने आणि शाळा व्यवस्थापन समितीने गळिताच्या पहिल्या आठवड्यात शिवारातील प्रत्येक कोपीवर जाऊन मुलांची नावे लिहून आणावीत. त्यांच्यासाठी ताटे आणि सतरंज्या वाढवाव्या लागतील, तेवढ्याची तयारी दिवाळीच्या सुट्टीआधी करून ठेवावी.