आधी गप्प, मग चौकशी

दोन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात एका निवृत्त शिक्षकांचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय अगदी साधा, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज कसा भरायचा. उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, बोनाफाईडवर काय तपासून घ्यायचं, आधारशी जोडलेलं बँक खातं नसेल तर काय करायचं, हे सगळं सरांनी तासाभरात समजावलं. ज्या आया कामावरून सुटून येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि रात्री इंटरनेटवर टाकलं. लिंक व्हॉट्सअॅपवर फिरली आणि अर्ज भरायला सुरुवात झाली.

चौथ्या दिवशी व्हिडिओ गायब. शेजारच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी लग्न होतं. डीजेवर वाजलेलं एक जुनं हिंदी गाणं सरांच्या आवाजामागे पाऊण मिनिट ऐकू येत होतं. त्या पाऊण मिनिटासाठी पूर्ण तास काढून टाकला गेला होता. आक्षेप नोंदवायचा तर पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर द्यायचा आणि परदेशातल्या न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून द्यायचं. सर म्हणाले, "जाऊ दे बेटा, कोर्टाचं नाव काढू नकोस." मी माझ्या नावावर आक्षेप नोंदवला. सतराव्या दिवशी व्हिडिओ परत आला. अर्जाची शेवटची तारीख तोवर उलटून गेली होती.

ही छोटी गोष्ट आहे, कुणी तुरुंगात गेलं नाही. पण तेव्हापासून कॉपीराइटच्या कायद्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हा कायदा फक्त चोरट्या सिनेमांपुरता आहे, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं.

हे काम कसं चालतं ते आधी सांगतो. गाण्याचा आवाज छोट्या तुकड्यांत मोडायचा, प्रत्येक तुकड्यातल्या ठळक कंपनसंख्या नोंदवायच्या आणि त्यांचा एक ठसा साठवून ठेवायचा. नवा व्हिडिओ आला की त्याचा ठसा जुन्या ठशांशी ताडून पाहायचा. हे तंत्र खरोखर हुशार आहे, गोंगाटातही गाणं ओळखतं. पण ते गाणं तिथे का वाजतंय, कुणी वाजवलं, बोलणारा माणूस काय सांगतोय, हे त्याला कळत नाही. ते कळणं त्याच्या कामातच नाही.

मी स्वतः पैशांच्या व्यवहारातली फसवणूक ओळखणाऱ्या प्रणालीवर काम करतो. तिथेही हाच प्रश्न असतो. संशयाची पट्टी खाली ठेवली तर प्रामाणिक ग्राहक अडकतात, वर ठेवली तर चोर सुटतात. आम्ही मधली जागा शोधतो, कारण दोन्ही चुकांची किंमत कंपनीला मोजावी लागते. अडकलेला ग्राहक फोन करतो, भांडतो, सोडून जातो. कॉपीराइटच्या बाबतीत मात्र मजकूर चुकून ठेवला तर कंपनीवर खटला येऊ शकतो आणि चुकून काढला तर तिचं काहीच बिघडत नाही. अशा परिस्थितीत कुठलाही इंजिनिअर पट्टी कुठे ठेवील? माणसं वाईट असण्याची गरज नाही, हिशोबच तसा आहे. आणि तो हिशोब कायद्याने ठरवलेला आहे.

हा वाद नवा नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात लॅमर स्मिथ यांनी 'सोपा' नावाचं विधेयक मांडलं. तिकडच्या सिनेटमध्ये 'पिपा' हे त्याचं भावंड होतं. परदेशी चोरट्या साइट रोखणं हा सांगितलेला हेतू होता. त्यासाठी इंटरनेट कंपन्यांनी त्या साइटचं नाव आपल्या डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीतून, खोडायचं, शोधयंत्रांनी ती दाखवायची नाही, पैसे आणि जाहिराती पुरवणाऱ्यांनी हात काढून घ्यायचे, असा आराखडा होता. पत्तेवहीत खोटी उत्तरं द्यायला लावणं आणि त्याच पत्तेवहीची सुरक्षितता वाढवणं, या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत, असं जाणकार इंजिनिअर तेव्हा सांगत होते. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा झाला. दोन दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला ठेवली गेली.

आम्ही इंजिनिअरिंगची पोरं इथे बसून टाळ्या वाजवत होतो. चारच महिन्यांनी आपल्याकडे काय झालं, ते पाहा. '३' या तमिळ सिनेमासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अज्ञात प्रतिवादींविरुद्ध दिलेल्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओसारख्या अख्ख्या साइट बंद केल्या. तिथे स्वतःचे लघुपट ठेवणाऱ्यांचा त्या सिनेमाशी काडीचा संबंध नव्हता. त्या जूनमध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की अडवायची ती नेमकी लिंक, पूर्ण साइट नव्हे. ९ जूनला मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घालून निदर्शनं झाली. माझी परीक्षा होती, मी गेलो नाही. अमेरिकेत जे संसदेत अडलं, ते आपल्याकडे कुठल्याही नव्या कायद्याशिवाय, एका अंतरिम आदेशावर होऊन गेलं होतं.

धडा मात्र टिकला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांच्या प्रकरणात अडीच हजारांहून अधिक साइट बंद करण्याचे आदेश निघाले आणि त्या यादीत चक्क इंटरनेट आर्काइव्ह होतं. ते जगातलं एक मोठं मोफत ग्रंथालय आहे. मराठी-उर्दूतली कितीतरी जुनी पुस्तकं आज तिथेच सापडतात.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने दुसरा मार्ग दाखवला होता. २०१६ साली 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी द्यायला नकार दिला. आधी प्रत्येक लिंक तपासा, शपथेवर सांगा, मग अडवू, अशी त्यांची भूमिका होती. बंद पानावर कारण लिहिलेलं असावं आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद मागायची वाट तिथेच दिसावी, हाही त्यांचा आग्रह होता. चोरीला आळा घालायचा आणि निर्दोषालाही सांभाळायचं, हे दोन्ही जमतं. करायची इच्छा हवी आणि थोडे कष्ट घ्यायला हवेत.

आता कायद्याकडे येऊ. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ते आपण विसरलेलो नाही. त्यानंतर सुप्रीम कोर्टात गेलेल्या श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ रद्द झालं. त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. कुणीही तक्रार केली म्हणून मंचांनी मजकूर काढायचा नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना लागेल, असं कोर्टाने सांगितलं. लाखो तक्रारींतली कोणती खरी, हे खासगी कंपनीने कसं ठरवायचं, हा त्यामागचा विचार.

कॉपीराइटला मात्र वेगळं दार आहे. डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मंचांना बराच दिलासा दिला, पण कॉपीराइटच्या बाबतीत न्यायालयाचा आदेश नसला तरी नेमकी नोटीस पुरेशी आहे, असंही म्हटलं. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५व्या नियमानुसार तक्रार आली आणि ती पटली की ३६ तासांत मजकूर रोखायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू करता येतो. मजकूर टाकणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या, अशी सक्ती त्यात नाही.

म्हणजे असं की, तुमचं बोलणं मला आवडलं नाही तर मला कोर्टात जावं लागेल. पण त्या बोलण्यात माझ्या भाषणाची दहा सेकंदांची चित्रफीत असेल, तर मला फक्त एक नोटीस पाठवायची आहे. निवडणुकीच्या तोंडावर, दंगलीनंतर किंवा मोर्च्याच्या आदल्या दिवशी २१ दिवस म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मोठ्या व्हिडिओ-मंचांवर असे तीन इशारे झाले तर पूर्ण चॅनेल जाऊ शकतं, ही टांगती तलवार वेगळीच.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. सिनेमाच्या चोरीला तीन महिने ते तीन वर्षं कैद ठरली. त्यापाठोपाठ माहिती व प्रसारण मंत्रालयाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना चोरटे सिनेमे ४८ तासांत काढायला सांगण्याचा अधिकार मिळाला. सिनेमावाल्यांचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. पण न्यायाधीश वगळून अधिकाऱ्याच्या हाती दिलेलं हत्यार पुढे कुणावर चालेल, हे आज कोण सांगणार?

यावर मित्र मला विचारतात, "मग फुकट्यांची बाजू घेतोस का?" अजिबात नाही. माझा पगार कोडवर चालतो. मी ज्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जोरावर शिकलो, त्याचे परवानेसुद्धा कॉपीराइटच्या कायद्यावरच उभे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा वाटा दिला जो कंपनी लिहून घेऊ शकत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी झगडा केला आणि तो योग्यच होता. ज्याने घडवलं त्याला मोबदला मिळालाच पाहिजे.

पण त्याच कायद्यात कलम ५२ आहे. टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, अभ्यास यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर म्हणजे चोरी नव्हे, असं ते म्हणतं. याच कलमातल्या शिक्षणाच्या सवलतीवर २०१६ साली दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या प्रकरणात न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता. संविधानाच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालण्याची कारणं मोजून दिली आहेत. त्या यादीत कॉपीराइट नाही. म्हणून कलम ५२ ही कुणी केलेली मेहरबानी नाही. त्याच्याच आधाराने कॉपीराइट आणि अभिव्यक्ती एकत्र नांदू शकतात. यंत्राला ते कलम वाचता येत नाही. ते वाचणारा माणूस यंत्राच्या आधी असायला हवा.

माझ्या मागण्या चार आहेत. एक, मजकूर काढण्यापूर्वी टाकणाऱ्याला कळवा आणि उत्तराला निदान काही दिवस द्या. थेट प्रक्षेपणातून होणारी सिनेमा-सामन्यांची चोरी हा अपवाद करता येईल. दोन, उत्तर आल्यावर मजकूर चालू राहू द्या. ज्याचा दावा आहे त्याने कोर्टात जावं. तीन, खोटी नोटीस देणाऱ्याला दंड हवा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६० निराधार धमक्यांविरुद्ध दाद देतं, पण त्यासाठी दावा लावावा लागतो आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयाकडे वकिलाचे पैसे नसतात. चार, बंद केलेल्या साइटची यादी, आदेश आणि कारण जनतेला दिसलं पाहिजे.

आणि एक काम आपलं आहे. असा इशारा आला की घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. आक्षेप नोंदवा, तारखा लिहून ठेवा, मूळ प्रत पेनड्राइव्हवर जपा. गप्प बसलेल्यांच्या गप्प बसण्याचा आकडा कुठेच मोजला जात नाही, आणि म्हणूनच सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं.

या वर्षी सरांचं व्याख्यान पुन्हा ठेवलं. मी कॅमेरा लावत होतो तेवढ्यात सर स्वतः उठले आणि हॉलच्या बाजूच्या खिडक्या लावू लागले. मे महिना, पंखा एकच, आत चाळीस माणसं. मी म्हटलं, "सर, राहू द्या." त्यांनी शेवटची खिडकीही लावून घेतली आणि मगच बोलायला सुरुवात केली.