इंग्रजीवर भागते म्हणे!

“जर्मनीला जायचे तर जर्मन कशाला शिकायची? तिकडे सगळ्यांना इंग्रजी येते!” हे वाक्य हल्ली आमच्या गेवराईत चहाच्या हॉटेलापासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू येते. बोलणारा बहुधा जर्मनीला गेलेला नसतो. आणि गंमत अशी की, त्याचे इंग्रजीही ‘थँक्यू’च्या पलीकडे गेलेले नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, गवंडी, वाहनचालक अशी माणसे तिकडे हवी आहेत, असे पोरांच्या कानी आले. पोरे जाऊ देत, चार पैसे मिळवू देत. मी शाळामास्तर, मला त्यात आनंदच आहे. पण मुकी होऊन जाऊ नयेत, एवढाच माझा वाद आहे.

बर्लिनच्या एखाद्या संगणक कंपनीत बसणाऱ्याचे इंग्रजीवर भागते, हे मला मान्य आहे. पण आमची लेक जाणार ती आजाऱ्याच्या उशाशी. ऐंशी वर्षांची म्हातारी रात्री दोन वाजता छातीतली कळ सांगेल, ती काय इंग्रजीत? म्हणूनच परिचारिकेचा परवाना देताना तेथे साधारणपणे ‘बी-टू’ पातळीची जर्मन मागतात. सहा पायऱ्यांतली ही चौथी पायरी. तो काही सरकारी छळ नव्हे. त्या म्हातारीच्या जिवाची काळजी आहे.

आणि परक्या मुलखात भाषेवाचून काय होते, हे आम्हां बीडकरांना कोणी सांगायला हवे काय? तुम्ही हा अंक वाचत असाल त्या सुमारास आमच्याकडचे कोयते गाव सोडून निघालेले असतात. काही कर्नाटकात जातात. तेथे बाजारात मीठमिरचीपुरते मराठी-हिंदीवर भागते. पण दवाखान्यातला किंवा ठाण्यातला कागद कन्नडात पुढे आला, की मुकादमाच्या तोंडाकडे पाहावे लागते. तो सांगेल ते खरे, तो गाळील ते नाहीच! उचल घेतल्याने माणूस अर्धा बांधला जातो. उरलेला अर्धा न वाचता येणाऱ्या कागदाने. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि कारभार उर्दूत चाले. तेव्हाही स्वतःच्या जमिनीचा कागद वाचून घ्यायला कुणबी दुसऱ्याच्या ओट्यावर उभा राहत असे.

जर्मनीत याहून निराळे काय होणार? तेथील कायद्यानेच न्यायालयाची भाषा जर्मन ठरवली आहे. नोकरीचा करार, घरभाड्याचा कागद, विम्याचे पत्र बहुधा जर्मनच. शेजारी हौसेने इंग्रजी बोलेल. कागद बोलणार नाही. मग तो वाचायला एक एजंट येईल. कोट-पँट घातलेला असेल, पण असेल मुकादमच!

खुद्द बाडेन-वुर्टेम्बर्गने १९९९ पासून अनेक वर्षे आपली जाहिरात अशी केली, की आम्हांला सारे जमते, फक्त प्रमाण जर्मन जमत नाही! म्हणजे पुस्तकी जर्मन शिकलेलाही तिथल्या बोलीपुढे प्रथम गांगरणार. पुण्याचा पाहुणा आमच्या आठवडी बाजारात गांगरतो तसा. मग निव्वळ इंग्रजीवाल्याने काय करावे?

“वर्ष मोडते, फी परवडत नाही,” ही तक्रार मात्र खरी आहे. तिचे उत्तर भाषा टाळणे नव्हे. ज्यांना माणसे हवीत आणि जे ती पाठवतात, त्यांनी शिकवणीचा खर्च सोसावा. वर्ग पुण्यातच नव्हे, तालुक्याच्या गावी भरावेत. आणि ते प्रमाणपत्राच्या घोकंपट्टीसाठी नसावेत.

आईबापांनो, लेकराला धाडण्यापूर्वी त्याच्यापुढे त्याच्या नोकरीचा करार ठेवा आणि म्हणा, “वाच, आणि आम्हांला मराठीत समजावून सांग.” त्याला ते जमले, तर खुशाल शेत गहाण टाका. नाही जमले, तर आधी वही-पेन्सिल घ्या. विमानाचे तिकीट मागाहून.