डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने कोठे शिकावे?

दहावीचा निकाल लागला की सानपाड्यातील ज्या घरातील मुलीला डॉक्टर व्हावयाचे असते, त्या घरापुढे पेच उभा राहतो. जवळच्या एखाद्या साध्या अनुदानित कॉलेजात तिला घालावे, की खाजगी क्लासशी संधान बांधलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात? पहिल्या ठिकाणी कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखा एकाच छपराखाली नांदतात, ग्रंथालय असते, शुल्क परवडणारे असते. दुसऱ्या ठिकाणी मुलीचे नाव कॉलेजच्या पटावर आणि मुलगी मात्र दिवसभर क्लासच्या बाकावर. त्याचे दाम लाखांत मोजावे लागते.

पालक कर्ज काढून दुसरा मार्ग धरतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण निर्णय त्यांच्या वतीने आधीच घेतला गेलेला असतो. वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या एकाच परीक्षेवर अवलंबून आहे. २०२५ साली तीन तासांत १८० प्रश्न आणि ७२० गुण असे तिचे स्वरूप होते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला ५० टक्के आणि राखीव वर्गातील विद्यार्थ्याला ४० टक्के मिळाले की पुरे. त्यावरच्या गुणांना प्रवेशाच्या बाजारात किंमत नाही. बारावीच्या प्रत्येक विज्ञान विषयात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. परंतु ‘नीट’मध्ये परीक्षानळी हातात धरावीच लागत नाही. मग प्रयोगशाळेत कोण कशाला जाईल? मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा आहेच. गुणांच्या सोयीसाठी भाषाही सुटते. पुढे हीच मुलगी पालिकेच्या रुग्णालयात एखाद्या आगरी वृद्धेची तक्रार ऐकावयास बसेल, याचा हिशेब कोणी केलेला नसतो.

हे नेहमीच असे नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यास नवा आकृतिबंध येईपर्यंत डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी दोन वर्षे कॉलेजात काढी आणि इंटर सायन्सनंतर वैद्यकीयकडे वळे. सांगलीचे विलिंग्डन किंवा औरंगाबादचे मिलिंद यांसारख्या कॉलेजांत विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या शेजारी इतिहासाचा विद्यार्थी वावरत असे. अमेरिकेत आजही आधी चार वर्षांची पदवी लागते. तिथे अनेक जण त्यासाठी मुद्दाम लहान, बहुशाखीय कॉलेज निवडतात. तत्त्वज्ञान मुख्य विषय घेऊनही रसायन, जीवशास्त्राचे आवश्यक वर्ग पुरे करता येतात. २०१५ पासून तेथील प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र व समाजशास्त्रालाही स्थान आहे. तेथील शुल्क मात्र श्रीमंतांनाच झेपणारे, तेव्हा घ्यावयाचे ते तत्त्व, बाजार नव्हे.

सानपाड्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. सिडकोच्या शहरासाठी ज्या ९५ गावांची जमीन गेली, त्यांत हे गाव होते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच आंदोलक गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. त्याच सुमारास, १९८३ पासून, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे दार उघडले. तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाड्याला आपल्या मुलीसाठी आधी क्लासचे आणि मग, सरकारी जागा हुकली तर, खाजगी कॉलेजचे शुल्क मोजावे लागते.

सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. वर्गात शिकण्याजोगे काही उरलेच नाही, तर अंगठा उमटवून काय साधणार? केवळ बारावीच्या गुणांकडे परत जाणे हाही उपाय नव्हे. कॉपीची केंद्रे त्या काळी कशी फोफावली होती, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. तथापि बारावीच्या गुणांना, विशेषतः बाहेरच्या परीक्षकासमोर झालेल्या प्रात्यक्षिकाला, प्रवेशात काही वाटा देता येईल. तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. अनुदानित कॉलेजांचा समावेश करून महाराष्ट्रात अशी मागणी का होऊ नये?

पक्षाच्या नवी मुंबईतील शाखांनी पुढील प्रवेशफेरीपूर्वी परिसरातील प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: विज्ञानाच्या शिक्षकांची किती पदे रिक्त आहेत, आणि गेल्या वर्षी जीवशास्त्राची प्रात्यक्षिके किती झाली. उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती शिक्षण उपसंचालकांच्या दारात न्यावीत.