फगल ओरडत नाही, म्हणून?

'फगलला चवच नाही यार.' क्राफ्ट बिअरवाल्यांचं हे लाडकं वाक्य. जरा तपासू या.

हॉप म्हणजे वेलीवरची हिरवी बोंडं. बिअरला कडवटपणा आणि गंध देतात ती हीच. फगल ही त्यातली इंग्लंडच्या केंटची जुनी जात. अमेरिकी सिट्रा नाकात आंबा-लिची कोंबते. फगलला माती, लाकूड आणि किंचित पुदिन्याचा वास असतो, आणि ती माल्टला बोलू देते. चार टक्क्यांची एल गप्पा मारत, सावकाश प्यायची असते. तिथे दर घोटाला ओरडणारी हॉप कशाला हवी?

गंमत म्हणजे ज्या कास्केडवर सिएरा नेव्हाडा पेल एल उभी राहिली, ती १९७२ची हॉप फगलच्याच वंशातली. विलामेट तर थेट फगलची लेक. म्हणजे लेकी-नातींना टाळ्या आणि आजी बेचव!

शेतकऱ्याची अडचण खरी आहे. मर रोगाने केंटमधले फगलचे मळे पोखरले. शिवाय कडवटपणा देणारी अल्फा आम्लं फगलमध्ये चार-पाच टक्के, सिट्रात त्याच्या दुपटीहून जास्त. किलोमागे कडवटपणा मोजला तर फगल हरणारच. पण पिणाऱ्यानेही तोच काटा का वापरायचा?

१८७८मध्ये इंग्लंडात ७० हजार एकरांहून जास्त हॉप होती. आज अडीच हजारही नाही. गिऱ्हाईक गेलं की वेल उपटली जाते. म्हणून पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. फगल तिसऱ्या घोटाला कळते.