विश्लेषण : विजेवरची व्हॅन कायमचे घर होऊ शकते का? खरी अडचण बॅटरीची की पत्त्याची?

व्हॅनमध्ये संसार थाटून देशभर फिरणाऱ्या जोडप्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर गाजत आहेत. त्यातच छोटी विजेवरची मालवाहू वाहने बाजारात आली, राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि कल्याणपलीकडच्या टिटवाळा, खडवली, वासिंदपर्यंत घरांचे भाव चढत गेले. ‘हप्ता भरायचाच, तर चाकांवरच्या घराचा का नको?’ हा प्रश्न त्यामुळे आता गमतीचा राहिलेला नाही. मात्र असे घर बांधायला घेतले की पहिली अडचण येते ती वजनाची, दुसरी आरटीओची आणि सर्वांत चिवट अडचण ते उभे कुठे करायचे याची.

गाडी कोणती आणि जागा किती?

युरोप-अमेरिकेत ज्या मोठ्या, उंच छताच्या व्हॅन घरासाठी वापरतात, तशा विजेवरच्या व्हॅन भारतात सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात नाहीत. इथे हाताशी आहेत त्या टाटा एस ईव्हीसारख्या छोट्या मालवाहू गाड्या. मे २०२२ मध्ये सादर झालेल्या या गाडीची बॅटरी २१.३ किलोवॉट-अवर क्षमतेची, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत २१.३ युनिटची. प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर आणि भारक्षमता ६०० किलो. तिच्या बंद खोक्याचे आकारमान २०८ घनफूट आहे. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली ९०० घनफुटांची असते. त्या खोलीच्या पावभागाहूनही लहान जागेत झोपणे, स्वयंपाक, कपडे आणि शौचालय बसवायचे असते. चालकाच्या केबिनमधून मागे जायला वाट नसते, ही आणखी एक गोष्ट चित्रफिती पाहताना लक्षात येत नाही. पावसात मागच्या ‘घरात’ शिरायचे तर आधी भिजावे लागते.

वजनाचे गणित अधिक कठोर आहे. प्लायवूड, उष्णतारोधक थर, पलंग आणि कपाटे यांचे दीड-दोनशे किलो सहज होतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि दोन माणसांना ते जेमतेम दोन दिवस पुरते. घरगुती वापराची पाच युनिटची वेगळी बॅटरी सुमारे ५० किलो, छतावरचे सौर पॅनल, एसी, फ्रिज मिळून आणखी ऐंशी-शंभर. भांडी, कपडे, धान्य, पुस्तके यांचे वजन कोणी आधी करत नाही, पण ते भरतेच. सहाशे किलोची मर्यादा अशा रीतीने घर सजण्याआधीच जवळ येते. डिझेल गाडीत थोडे वजन वाढले तर इंधन जास्त लागते आणि वाटेत पंप असतो. विजेवरच्या गाडीत मात्र प्रत्येक जादा किलो पल्ल्यातून वजा होतो.

वीज पुरेल का?

एसी नसेल तर पुरते. दोन बीएलडीसी पंखे, छोटा फ्रिज, दिवे, लॅपटॉप-मोबाइल आणि दोन वेळचा इंडक्शनवरचा साधा स्वयंपाक यांना दिवसाला साधारण तीन युनिट लागतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोक्यात एसीशिवाय झोपणे कल्याण-शहापूरच्या हवेत कठीणच. रात्रभराच्या एसीचे आणखी पाच युनिट धरले, तर रोजचा खर्च आठवर जातो. गाडी भरलेली असताना एका युनिटमध्ये ती सहा-सात किलोमीटर धावेल असे मानले, तरी एका रात्रीचा एसी म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरचा पल्ला. खडवली ते कल्याण हे रेल्वेचे अंतर सुमारे १७ किलोमीटर आहे. म्हणजे कल्याणला जाऊन परत येण्याइतकी वीज एका रात्रीच्या झोपेत संपते.

सौरऊर्जेवर फार भिस्त ठेवता येत नाही. अशा गाडीच्या छतावर तीन चौरस मीटरच्या आसपास जागा मिळते. तिच्यावर ४०० ते ५०० वॉटचे पॅनल बसतात आणि स्वच्छ उन्हात दिवसाला दोन युनिटच्या आसपास वीज देतात. पावसाळ्यात त्याच्या निम्मीही मिळेल याची खात्री नाही, आणि गाडी झाडाच्या सावलीत उभी केली तर उन्हाळ्यातही नाही. सावलीत गाडी थंड राहते आणि उन्हात बॅटरी भरते. यांतले एकच निवडावे लागते. नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये ‘स्टेला विटा’ नावाचे सौर फिरते घर बनवून ते थेट स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफापर्यंत नेले. त्यांनाही उभ्या गाडीचे छत पंखांसारखे उघडून पॅनलचे क्षेत्र १७.५ चौरस मीटरपर्यंत न्यावे लागले. शिवाय त्यांची गाडी मुद्दाम हलकी बांधलेली होती, मालवाहू चेसिसवर उभारलेली नव्हती.

मग गाडीच्याच मोठ्या बॅटरीतून घर का चालवू नये? काही मोटारींत ती सोय आहे. नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ मधील नव्या आवृत्तीत गाडीतून बाहेरची उपकरणे चालवता येतात. छोट्या मालवाहू वाहनांत ती गृहीत धरता येत नाही. तिथे गॅरेजवाल्याकडून मुख्य बॅटरीची वायर कापून जोडणी घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. त्या बॅटरीचा दाब जिवावर बेतणारा असतो आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. म्हणून घरासाठी स्वतंत्र बॅटरी, स्वतंत्र इन्व्हर्टर आणि दोन्हींमध्ये फ्यूज हाच मार्ग उरतो. रोजचे चार्जिंग १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरही होते, पूर्ण रिकामी बॅटरी भरायला सात तासांच्या आसपास लागतात. घरगुती जोडणीवर स्वतःचे वाहन चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांची आडकाठी नाही. प्रश्न इतकाच की ज्याला घरच नाही, त्याने कोणाच्या मीटरवर प्लग लावायचा?

आरटीओ काय म्हणते?

इथे बहुतेक हौशी प्रकल्प अडतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंड ‘प्रत्येक बदलामागे’ आहे. छताला झरोका, बाजूला खिडकी, मागे आसने असे मोजत गेले तर आकडा वाढत जातो.

गादी, पडदे, सुटे कपाट, उचलून ठेवता येणारे पॉवर स्टेशन यांनी नोंदणी पुस्तिकेतले काही बदलत नाही. बॉडी कापणे, आसने वाढवणे, गाडीचे रिकामे वजन बदलणे किंवा मालवाहू गाडीला निवासी गाडी करणे हे मात्र स्पष्टपणे कलम ५२ च्या कक्षेत येते. या दोहोंच्या मधली जागा मोठी आहे आणि तिथे तपासणी अधिकाऱ्याचे मत चालते. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात चालत्या गाडीत माणसे बसवता येत नाहीत, मग तिथे पलंग कितीही सुबक असो.

कायदेशीर वाट बंद नाही, पण ती लांबची आहे. भारतीय वाहन मानकांत ‘मोटर कॅरव्हॅन’ हा स्वतंत्र प्रकार असून बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा या चार गोष्टी त्यात असाव्या लागतात. त्याच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. प्रमाणित बॉडी-बिल्डरकडून मान्यताप्राप्त नमुन्यानुसार गाडी बांधून घेतली, तर नोंदणी कॅरव्हॅन म्हणून होऊ शकते. खडवलीच्या रहिवाशाला त्यासाठी कल्याणच्या एमएच-०५ कार्यालयात जावे लागेल. एका माणसाने एका गाडीसाठी अशी मान्यता मिळवायची तर चाचणीचा खर्च गाडीच्या मानाने परवडत नाही. मुंबईच्या चित्रसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅन अनेक वर्षे धावतात, त्या व्यावसायिक बॉडी-बिल्डरांच्या आणि जनरेटरच्या बळावर. घरगुती सुताराच्या हाती ते गणित जमत नाही.

गाडी कर्जावर असेल तर बदलासाठी वित्तसंस्थेची लेखी संमती हवी. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. आणि कर्जाचाच विषय निघाला म्हणून, घरासाठी वीस-तीस वर्षांची मुदत मिळते, वाहनासाठी साधारण पाच ते सात. त्यामुळे ‘हप्ता तोच’ हे गृहीतक बँकेच्या दारातच मोडते. त्यात प्राप्तिकरातील गृहकर्जाची सवलत नाही आणि दहा वर्षांनी फ्लॅटची किंमत वाढलेली असते, तर व्हॅनची बॅटरी थकलेली असते.

राज्याच्या सवलती मिळतात का?

अंशतः. विजेवरच्या वाहनांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी देण्याचे धोरण राज्याने २०२५ मध्ये आणले, पण ते प्रवासी मोटारी आणि बससाठी आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी त्यात बसत नाही. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे व्यावसायिक. फरक केवळ रंगाचा दिसतो, पण कर, विमा, योग्यता प्रमाणपत्र असे बरेच काही त्यावर ठरते. कॅरव्हॅन धोरणाचा भरही पर्यटनावर आहे. कॅरव्हॅन पार्क, तिथले पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि भाड्याच्या गाड्या यांसाठी ते धोरण आहे. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा त्यात आहे, बारा महिने राहणारा रहिवासी नाही.

उभी कुठे करायची?

खडवलीला भातसा नदीचा काठ मोकळा आणि मोहक आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून सहलीला येणाऱ्यांची तिथे झुंबड उडते. अशा जागी व्हॅन लावून राहावे असे कोणालाही वाटेल. मात्र भातसा धरणातून पाणी सोडले की काठावरच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो, आणि तो कागदी नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पुराने वेढले, तेव्हा ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते. विजेवरच्या गाडीची बॅटरी जलरोधक म्हणून विकली जाते. आयपी-६७ या प्रमाणाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, इतकाच आहे. रात्रभर गाळाच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बॅटरीबद्दल ते काही सांगत नाही. बुडालेली गाडी तपासणीशिवाय सुरू करणे किंवा चार्जिंगला लावणे धोक्याचे असते. शिवाय पूर आला की घर आणि वाहन दोन्ही एकदमच जातात.

रस्त्याकडेला उभे राहण्याची मुभाही मर्यादित आहे. सार्वजनिक जागी दहा तास बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ देते. आत माणूस झोपलेला असेल तर ती बेवारस म्हणता येणार नाही, पण पोलिसाने रात्री दोन वाजता काच वाजवल्यावर हा युक्तिवाद किती चालेल, हे सांगणे अवघड आहे. उरतो तो खासगी जागेचा पर्याय. ओळखीच्या शेतकऱ्याच्या आवारात, विजेचा उपमीटर, पाण्याचा नळ आणि शोषखड्डा यांचे भाडे ठरवून. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण असल्यामुळे अशी नोंदणीकृत केंद्रे ग्रामीण भागात आहेत आणि तिथे महिन्याच्या भाड्याने जागा मागून पाहता येते. सांडपाणी मात्र नदीत सोडता येणार नाही. परदेशी कॅम्पसाइटवर शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय असते. इथे ती नसल्याने शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक असलेलीच जागा शोधावी लागते.

पत्त्याचे काय?

महाराष्ट्राला फिरते घर नवे नाही. पाले ठोकून गावोगाव जाणारे भटके-विमुक्त समाज आणि हंगामात बैलगाडीवर संसार बांधून कारखान्याच्या फडात कोप्या उभारणारे ऊसतोड कामगार पिढ्यान्‌पिढ्या असेच जगले. त्यांची सर्वांत जुनी तक्रार छपराइतकीच कागदाची आहे. रहिवासाचा पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, मुलाच्या शाळेत अडचण. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानेही कागदपत्रांच्या या अभावाकडे लक्ष वेधले होते. लॅपटॉपवर काम करणाऱ्या व्हॅनवासीयाला हा त्रास कमी होतो, कारण त्याच्या मागे आईवडिलांचा डोंबिवलीतला फ्लॅट असतो आणि आधार, बँक, वाहन परवाना, गॅसजोडणी सारे त्या पत्त्यावर चालते. म्हणजे त्याचे घर चाकांवर असले तरी कागदोपत्री तो फ्लॅटमध्येच राहतो. तो फ्लॅट विकला गेला की अडचण सुरू होते.

शिधापत्रिका एकदा मिळाली की ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेखाली धान्य कुठेही उचलता येते, पण पत्रिका काढताना पत्ता लागतोच. मतदानाबाबत निवडणूक आयोगाची पद्धत तुलनेने उदार आहे. कायद्यात मतदाराने मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहत असणे’ अपेक्षित आहे, मालकीचे घर नव्हे. बेघर व्यक्तीने अर्ज क्रमांक ६ मध्ये आपण झोपतो ती जागा लिहिली, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का हे पाहायचे असते, आणि तेही एकाहून अधिक रात्री. व्हॅनमध्ये राहणाऱ्याला या तरतुदीचा आधार घेता येईल, मात्र त्या रात्रींपुरती तरी गाडी एकाच जागी उभी ठेवावी लागेल.