गुणांवर वाढलेला मेंदू



रोबोटचा मेंदू इंजिनिअरने एकेक जोडणी आखूनच बनवायला हवा असं नाही. काही चिप अशा असतात की आतल्या जोडण्या हव्या तितक्या वेळा बदलता येतात. त्यात कसेही आराखडे टाकायचे, चाचणी घ्यायची, जास्त गुणवाले ठेवायचे, त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी बनवायची. म्हणजे डार्विनची उत्क्रांतीच, पण सिलिकॉनवर!

जपानमध्ये क्योटोजवळच्या एटीआर संस्थेत ह्यूगो द गारिस यांनी १९९० च्या दशकात याच वाटेने २००१ पर्यंत एक अब्ज कृत्रिम न्यूरॉनचा मेंदू बनवायचं ठरवलं होतं. तो मांजरीच्या रोबोट-पिल्लाला चालवणार होता. गाजावाजा खूप झाला, मेंदू काही त्या मुदतीत झाला नाही.

मला मात्र इंग्लंडमधला एक लहानसा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. १९९६ च्या सुमारास ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी चिपच्या फक्त १०० पेशी वापरून १ आणि १० किलोहर्ट्झचे आवाज ओळखणारं सर्किट असंच 'वाढवलं'. हजारो पिढ्यांनंतर ते अचूक ओळखू लागलं. पण आत बघावं तर काही पेशी बाकीच्यांना जोडलेल्याच नाहीत, तरी त्या बंद केल्या की काम बिघडतं! तापमान थोडं जास्त बदललं किंवा तेच सर्किट चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलं की त्याची गडबड व्हायची.

सर्किटची चूक काय हो? गुण ज्यावर मिळत होते तेवढंच ते शिकलं. त्या चिपवर, त्या खोलीत.

आता आपली स्कॉलरशिपची तयारी बघा. सराव संच, पुन्हा सराव संच, आणि निवड फक्त गुणांवर. पोरगं 'एकूण' शब्द दिसला की बेरीज करतं, गणित वाचतच नाही. गुण येतात, आपण खूश, पालकही खूश. पण डोक्यात नेमकं काय जुळलंय ते कोणी विचारतच नाही. हे मला धोक्याचं वाटतं, आणि यात मुलांपेक्षा चाचणी काढणाऱ्यांचा, म्हणजे आपला, वाटा मोठा आहे.

थॉम्पसन यांनी पुढे वेगवेगळ्या चिप, वेगवेगळी तापमानं ठेवून चाचणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा टिकाऊ सर्किट मिळू लागली. वर्गात हे करायला चिप लागत नाही. तेच उदाहरण एकदा वहीत, एकदा बाजाराच्या यादीवर, एकदा 'एकूण' शब्द काढून द्या. आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारा, "कसं काढलंस रे?"