तिसऱ्याला दिलेलं मत खरंच वाया जातं का?

मारेगाव : निवडणूक आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘त्याले मत देऊन काय फायदा, वाया जाईल.’ मारेगाव तालुका यवतमाळ जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो चंद्रपूर मतदारसंघात मोडतो. तिथल्या निकालांवर हे वाक्य तपासून पाहता येतं.

२०१४ मध्ये ‘आप’कडून शेतकरी संघटनेचे वामनराव चटप उभे होते. त्यांना दोन लाखांवर मतं पडली. पण भाजपचे हंसराज अहीर काँग्रेसपेक्षा २ लाख ३६ हजारांनी पुढे होते. चटपांची सगळी मतं काँग्रेसला गेली असती, तरी निकाल तोच लागला असता.

२०१९ मध्ये काँग्रेसचे बाळू धानोरकर ४४ हजार ७६३ मतांनी जिंकले. ‘वंचित’च्या राजेंद्र महाडोळेंना १ लाख १२ हजार मतं होती. वंचितमुळे काँग्रेस पडते, अशी राज्यभर ओरड. इथं मात्र काँग्रेसच आली, राज्यातली तिची एकमेव जागा.

अमेरिकेतही हाच वाद आहे. २००० मध्ये फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले, तिसऱ्या नेडर यांना ९७ हजार मतं होती. दोष आजही नेडरलाच दिला जातो.

म्हणून ‘मतं खाल्ली’ म्हणणाऱ्याला दोन आकडे विचारा : आघाडी किती, तिसऱ्याची मतं किती? आघाडी मोठी असेल तर ओरड खोटी. लहान असेल तरी ती मतं दुसऱ्याच्या मालकीची नव्हती. ती मिळवता आली नाहीत, हे हरलेल्यानंही मान्य करावं.